रिझर्व्ह बँकेकडं एवढा पैसा पडून आहे, मग दिराचं बिल का अडकतं?

तासगावची_सून

नमस्कार मंडळी. मी आमच्या गल्लीतल्या बचत गटाची सचिव. बारा बायका, महिन्याला प्रत्येकीचे तीनशे, वही आणि पेटी माझ्याकडं. अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण सात वर्षांत एक रुपयाचा फरक पडू दिलेला नाही हिशेबात.

परवाच्या बैठकीत वाद झाला. आमचे धाकटे दीर ठेकेदार आहेत, छोटी कामं घेतात, मोऱ्या, गटारं, वस्तीवरचे रस्ते. एका सरकारी खात्याकडं त्यांचं बिल चौदा महिने अडकलंय. विचारलं की एकच उत्तर, निधी नाही. त्यांनी सिमेंटवाल्याचं देणं भागवायला आमच्याच गटातून जाऊबाईंच्या नावानं कर्ज घेतलंय, म्हणून विषय निघाला.

तर एक जण म्हणाली, टीव्हीवर तर सांगितलं, रिझर्व्ह बँकेनं सरकारला २०२५ मध्ये २ लाख ६८ हजार कोटी दिले. शिवाय सातशे अब्ज डॉलरच्या आसपास परकी चलनाची गंगाजळी, शिवाय पावणेनऊशे टन सोनं. मग निधी नाही कसा? आमच्या पेटीत पैसे असले आणि एखादीला नड असली तर आम्ही पेटी धरून बसत नाही.

मला उत्तर देता आलं नाही. एवढं सगळं असून ते वापरत का नाहीत? हा पैसा नक्की कुणाचा? आणि आपलं सोनं इंग्लंडमध्ये कशाला? सोप्या भाषेत कुणी सांगेल का? राजकारण नको.

---

रोखठोक

ताई, राजकारण नको म्हटलं तर उत्तर दोन ओळींचं आहे. २०१९ साली दिल्लीनं रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतून पावणेदोन लाख कोटी उचलले. त्याआधी गव्हर्नर राजीनामा देऊन गेले होते. तेव्हापासून दरवर्षी उचलतायत. तुमच्या दिरांपर्यंत यायच्या आधीच मुरतंय ते सगळं.

---

दुहेरी_कुलूप

ताई, रोखठोक भाऊंचं नंतर बघू. आधी तो 'तिजोरी' शब्द बाजूला ठेवावा लागेल, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मी कोषागारात, म्हणजे सरकारी बिलं पास करणाऱ्या ऑफिसात नोकरी केली, १९८६ ते २०२१, सगळी विदर्भात. आमच्याकडं खरोखरची तिजोरी असायची, स्ट्राँग रूम. दोन कुलुपं, दोन वेगळ्या माणसांकडं किल्ल्या, दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्याला आम्ही 'डबल लॉक' म्हणत असू. बाहेर बंदूकवाला शिपाई. लोकांना वाटायचं आत नोटांच्या थप्प्या. माझा सासरासुद्धा लग्नाआधी चौकशी करताना म्हणाला होता म्हणे, पोरगा सरकारच्या पैशावर बसतो. आत काय होतं? मुद्रांक, तिकिटं, कोर्टाच्या मुद्देमालाची सीलबंद पुडकी आणि अधूनमधून स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे पेटारे. रोकड नव्हतीच. बिल पास झालं की पैसे द्यायची बँक. बँक आम्हाला रोज स्क्रोल, म्हणजे दिवसभरात दिलेल्या पैशांची यादी पाठवायची, आम्ही ताळा घालायचो, आणि बँकेनं दिलेले पैसे तिला परत मिळायचे ते नागपूरहून.

नागपूरहून का? कारण सरकारचं मुख्य खातं तिथं आहे. केंद्राचं तिथंच, आणि राज्यांचंसुद्धा. रिझर्व्ह बँकेचा केंद्रीय लेखा विभाग, आमच्या भाषेत 'सीएएस नागपूर'. दिल्लीचं मंत्रालय, कोचीचं कस्टम, आमचं तालुक्याचं उपकोषागार, सगळ्यांची जमा आणि खर्च शेवटी त्या एका ठिकाणी येऊन पडतात. सरकारची तिजोरी म्हणजे हे खातं.

आता या खात्यात केंद्र सरकारनं किमान किती शिल्लक ठेवायची असा रिझर्व्ह बँकेशी करार आहे? रोज १० कोटी. शुक्रवारी १०० कोटी. बस्स. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता, म्हणजे दिवसाचा सरासरी खर्च तेरा-चौदा हजार कोटी. त्यापुढं १० कोटी म्हणजे तुमच्या पेटीच्या तळाशी राहिलेली दहाची नोट. सरकारकडं पैसा साठत नाही ताई, वाहतो. पगार-पेन्शन महिनाअखेरीला जातात, जीएसटी विसाव्या तारखेच्या आसपास येतो, आगाऊ आयकर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला. मधल्या दिवसांत खात्यात खड्डा पडतो. तो भरायला रिझर्व्ह बँक थोड्या दिवसांची उचल देते, अर्थोपाय अग्रिम. रेपो दरानं, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं थोड्या दिवसांचं कर्ज देते त्या दरानं व्याज लागतं. मर्यादेच्या वर गेलात तर दोन टक्के जास्त, आणि केंद्राला तो ओव्हरड्राफ्ट सलग दहा कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

हे नेहमी असं नव्हतं. १ एप्रिल १९९७ च्या आधी खातं खाली गेलं की आपोआप तात्पुरती हुंडी निघायची, रिझर्व्ह बँक ती घ्यायची आणि नवे रुपये तयार व्हायचे. नावाला तात्पुरती, प्रत्यक्षात साचतच गेली. मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि रंगराजन गव्हर्नर असताना १९९४ मध्ये ती बंद करायचा करार झाला आणि तीन वर्षांत खरोखर बंद झाली. माझ्या मते १९९१ च्या सगळ्या गाजलेल्या सुधारणांइतकंच हे मोठं काम, पण याच्यावर कुणी फटाके वाजवले नाहीत. आमच्या ऑफिसात तर कुणाला पत्ताही नव्हता, आम्ही मार्च एंडच्या बिलांत गाडलेलो.

आता तुमची गंगाजळी. उदाहरण तुमच्याच गावचं घ्या.

एका बागायतदाराची द्राक्षं दुबईला गेली, १०० डॉलर आले. डॉलर देऊन त्याला फवारणीचं औषध मिळत नाही. तो डॉलर बँकेत देतो, त्याचे रुपये घेतो. बँकेनं ते पुढं रिझर्व्ह बँकेला विकले, तर रिझर्व्ह बँक त्याचे रुपये कुठून देते? नव्यानं तयार करून, बँकेच्या खात्यात जमा करून. डॉलर गेले गंगाजळीत. आणि रुपये? ते बागायतदारानं मजुरीत, औषधात, ट्रॅक्टरच्या हप्त्यात कधीच घातले. म्हणजे त्या डॉलरचे रुपये बाजारात एकदा फिरून आलेले आहेत.

आता सरकार म्हणालं, ते डॉलर आम्हाला द्या, मोरी बांधतो. तुमचे दीर डॉलर घेतील का? सिमेंटवाला घेईल का? पुन्हा रुपयेच लागणार, म्हणजे पुन्हा नवे तयार करायचे. द्राक्षाची पेटी एक आणि तिच्यावर रुपये दोनदा. असं मोठ्या प्रमाणावर केलं की सिमेंटच्या पोत्याचा भाव कुठं जातो ते दीर सांगतील तुम्हाला.

गंगाजळीचा खरा उपयोग परदेशात द्यायच्या पैशाला. तेल, खतं, यंत्रं. परकी गुंतवणूकदार एकदम पळायला लागले आणि रुपया गडगडला तर रिझर्व्ह बँक त्यातले डॉलर विकते, पडणं थोडं सावरतं. १९९१ मध्ये ती दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली होती. तेव्हा मी एका तालुक्याला कनिष्ठ लिपिक. मे महिन्यात सरकारनं जप्तीतलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला परत घ्यायच्या अटीवर विकलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं आपलं ४६.९१ टन सोनं चार खेपांत विमानानं मुंबईहून लंडनला पाठवलं आणि त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी ५० लाख डॉलर उचलले. ऑफिसात सगळे लाजेनं मान खाली घालून बसलेले. आमचे हेडक्लार्क तेवढे पान लावता लावता म्हणाले, "गहाण टाकायले घरात होतं तरी. ज्याच्या घरात तेही नसते, त्यानं काय करावं?"

ते कर्ज त्याच वर्षात फिटलं. सोनं मात्र तिथंच राहिलं.

राहिला लाभांश, म्हणजे ते २,६८,५९० कोटी. ही गंगाजळीतून काढलेली रक्कम नाही, वर्षाची कमाई आहे. रिझर्व्ह बँकेला परदेशी रोख्यांवर व्याज मिळतं, सरकारी रोख्यांवर मिळतं, आणि डॉलर विकताना त्याची सरासरी खरेदी किंमत कमी असेल तर फरक मिळतो. २०२४-२५ मध्ये रुपया सावरायला पुष्कळ डॉलर विकले, जुनी खरेदी स्वस्तातली, म्हणून कमाई फुगली. त्यातून खर्च आणि जोखमीची तरतूद वजा करून जे उरेल ते केंद्राला द्यायचं, हे १९३४ च्या कायद्यातच आहे, कलम ४७. कुणाची मेहरबानी नाही आणि चोरीही नाही.

सोन्याचा भाव वाढून जो नफा दिसतो तो मात्र यात येत नाही. तो पुनर्मूल्यांकनाच्या वेगळ्या खात्यात पडतो. मार्च २०२४ ला त्या खात्यात ११ लाख कोटींच्या वर होते, आणि त्याला हात लावायचा नाही असा दंडक आहे. तुमच्या गटात एखादीच्या गंठणाचा भाव दुप्पट झाला, तर तुम्ही वहीत तिच्या नावावर जमा दाखवता का? मोडल्याशिवाय ते पैसे नाहीत. आणि भाव उतरला की वहीतली जमाही उतरणार.

बोटं दुखली आता. सोन्याचं लंडनवाल्यांपैकी कुणी सांगा.

---

टेम्सकाठचा_कऱ्हाडकर

काकांनी हाक मारली म्हणून लिहितो. मी लंडनला नोकरीला आहे, बँकेत वगैरे नाही, हॉस्पिटलात. पण पाहुणे आले की एक फुकटची जागा ठरलेली, बँक ऑफ इंग्लंडचं म्युझियम. तिथं काचेच्या पेटीत सोन्याची खरी वीट आहे, भोकातून हात घालून उचलून बघायची. साधारण तेरा किलो. आमचे वडील आले होते तेव्हा त्यांनी एका हातानं उचलायचा प्रयत्न केला आणि पुढचे दोन दिवस मनगटाला बाम. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपलं आहे का रे हे?" त्याच इमारतीखाली चार लाखांच्या आसपास विटा आहेत, पुष्कळशा वेगवेगळ्या देशांच्या, त्यात आपल्याही.

तिथं ठेवायचं कारण गहाण नव्हे. सोन्याचा सगळ्यात मोठा घाऊक बाजार लंडनला. वीट तिथं असली की विकताना किंवा तिच्यावर डॉलर उचलताना ती हलवावी लागत नाही, वहीत मालकाचं नाव बदललं की झालं. १९९१ ला विमान करावं लागलं ते म्हणूनच, सोनं आपल्या घरी होतं आणि नड बाहेर. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन घेतलं, ६.७ अब्ज डॉलरला, ते बाहेरच ठेवलं.

पण दुसरी बाजूही इथंच बघायला मिळते. व्हेनेझुएलाचं ३१ टन सोनं याच बँकेत आहे. त्यांनी मागितलं, तर ब्रिटन म्हणालं तुमचं सरकार कोणतं तेच आम्हाला मान्य नाही. वर्षानुवर्षं कोर्ट. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियाची जवळजवळ ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. त्यानंतर पुष्कळ देशांनी विचार केला, परक्याच्या घरी ठेवलेला डबा आपला किती? आपण २०२३-२४ मध्ये १०० टन परत आणलं, पुढच्या वर्षी आणखी. मार्च २०२५ ला एकूण ८७९ टनांवर, त्यातलं ५१२ टन देशात, बाकी बरंचसं बँक ऑफ इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या आंतरराष्ट्रीय बँकेकडं, बीआयएसकडं. देशातलं मुंबईत मिंट रोडला आणि... काका, दुसरी जागा तुम्ही सांगा.

---

दुहेरी_कुलूप

नागपूर! सांगायचं विसरलोच होतो. सिव्हिल लाइन्सकडून जाताना रिझर्व्ह बँकेची इमारत दिसते तेव्हा बायकोला दरवेळी सांगतो, सरकारचं खातंही इथं आणि सोनंही इथं. ती दरवेळी म्हणते, आणि तुमची पेन्शन?

---

रोखठोक

काका, तुम्ही व्यवस्थित सांगितलंत, पण २०१९ गुंडाळलंत. ते १,७६,०५१ कोटी काय नुसती वर्षाची कमाई होती?

---

दुहेरी_कुलूप

गुंडाळलं नाही, दम खात होतो. बरोबर पकडलंत. सगळी कमाई नव्हती. १,२३,४१४ कोटी वर्षाची शिल्लक, त्यातले २८,००० कोटी फेब्रुवारीतच आगाऊ दिलेले. उरलेले ५२,६३७ कोटी म्हणजे आधीच्या वर्षांत बाजूला ठेवलेल्या तरतुदीतून काढलेले. माजी गव्हर्नर बिमल जालान यांच्या समितीनं सांगितलं होतं की अडचणीसाठीचा राखीव भाग ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के असावा. बँकेच्या संचालक मंडळानं खालचा आकडा धरला, ५.५. वरचं ते मोकळं झालं आणि गेलं.

आता माझं मत विचाराल तर लूट म्हणणार नाही, कारण समिती होती, सूत्र होतं, सगळं छापील आहे. पण मर्यादेच्या दोन टोकांपैकी नेमकं खालचंच निवडणं मला तेव्हाही खटकलं होतं. आमच्याकडं एखादा अधिकारी मार्च एंडला ठेवीच्या खात्याकडं बघायला लागला की आम्हाला जसं व्हायचं, तसं. आणि गव्हर्नर उर्जित पटेल डिसेंबर २०१८ मध्ये गेले ते वैयक्तिक कारण सांगून, पण त्याआधीचे महिने कशावरून ताणलेले होते ते सगळ्यांनी वाचलंय.

उलट बाजूही लिहा मग. २०२५ मध्ये तोच राखीव भाग ७.५ टक्क्यांवर नेला, आणि त्यानंतरही २ लाख ६८ हजार कोटी उरले. तुमचं ते 'दरवर्षी उचलतायत' याला लागू होत नाही. २०२१-२२ चा आकडा फक्त ३०,३०७ कोटी होता, तेव्हा कुणी धागा काढला नाही.

---

तासगावची_सून

काका, वाचून दाखवलं गटात. गंठणाचं सगळ्यांना पटलं. द्राक्षाचं तर फारच, कारण आमच्या अध्यक्षबाईंचीच बाग आहे. पण जाऊबाईंनी लगेच विचारलं, बरं, गंगाजळीला हात लावू नका, सोनंही ठेवा. २ लाख ६८ हजार कोटी तर सरकारला खरंच मिळाले ना? मग त्यातून ह्यांचं बिल निघायला काय हरकत?

---

दुहेरी_कुलूप

जाऊबाईंना सचिव करा पुढच्या वर्षी.

मिळाले, पण कुणाला? केंद्राला. दिरांचं काम राज्याच्या पैशाचं असणार. केंद्र जे कर गोळा करतं त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागतो, सध्या वाटपयोग्य करांच्या ४१ टक्के. पण रिझर्व्ह बँकेचा लाभांश हा कर नाही. तो करेतर महसूल, आणि तो वाटपात येतच नाही. सेस आणि अधिभार जसे वाटपाबाहेर, तसाच हा. म्हणजे त्या २,६८,५९० कोटींतला एक रुपयाही वाटा म्हणून मुंबईला आपोआप येत नाही. राज्याला हवं असेल तर ते बाजारात रोखे विकून कर्ज काढतं, त्यालाही केंद्राची वार्षिक मर्यादा. मला स्वतःला हे पटत नाही. रिझर्व्ह बँक सगळ्या देशाच्या नोटा चालवते, कमाई एकट्या दिल्लीची का? पण ते केंद्र-राज्यांची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगापुढं मांडायचं, तुमच्या बैठकीत नाही.

आता कामाचं. दिरांना तीन गोष्टी विचारा. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीवर, कामाची पूर्ण नोंद झाली आहे का? बिल तयार होऊन लेखा शाखेकडं गेलं आहे का, की कुणाच्या टेबलावर आक्षेप लागून पडलंय? आणि त्या कामाच्या लेखाशीर्षावर, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या खात्यावर या वर्षी तरतूद आहे का? 'निधी नाही' हे एकच वाक्य आम्ही लोक या तिन्हीसाठी वापरायचो. खोटं बोलायचो असं नाही, पण पहिल्या दोन कारणांना आमचं टेबल जबाबदार असायचं आणि तिसऱ्याला मुंबई, त्यामुळं तिसरं सांगायला सोपं.

---

तासगावची_सून

विचारलं. एमबी झालीय म्हणतात. बिल पुढं गेलंय की नाही ते त्यांनाच माहीत नाही! चौदा महिने नुसतं फोनवर विचारतायत. सोमवारी स्वतः जाऊन लेखा शाखेत बसणार आहेत, लेखाशीर्ष कागदावर लिहून दिलंय मी.

---

दुहेरी_कुलूप

सकाळी जा म्हणावं, अकराच्या आत. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही.